पत्ता शोधा, पैसा शोधा : अमेरिकेतल्या आपल्या विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांचा इतिहास कसा लिहायचा

दरवर्षी सप्टेंबर उलटला की नव्याने आलेल्या मुलांपैकी कुणीतरी आमच्या वाचनकक्षात येतं आणि विचारतं, "आपल्या विद्यापीठात शिकलेला पहिला भारतीय कोण?" मी मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या अर्काइव्हमध्ये काम करते. जुने कागद लावायचे, त्यांच्या याद्या करायच्या, विचारायला येणाऱ्याला नेमका बॉक्स काढून द्यायचा, हे माझं काम. या विषयात कुणी रस घेतला की मला मनापासून बरं वाटतं. तरी 'पहिला कोण' हा प्रश्न मी त्यांना थोडा बाजूला ठेवायला सांगते. त्याचं उत्तर एका नावाशी येऊन थांबतं आणि तिथून पुढे वाट फुटत नाही.

त्याऐवजी दोन प्रश्न धरा. हा विद्यार्थी राहत कुठे होता? आणि त्याचे पैसे कोण भरत होतं?

येलचं उदाहरण घ्या. युंग विंग १८५४ साली तिथून पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठातून पदवी घेतलेला तो पहिला चिनी. हे वाक्य सगळीकडे सापडतं. खरी कहाणी त्यानंतरची आहे. त्याच्याच खटपटीमुळे १८७२ पासून चीनच्या सरकारने १२० मुलगे कनेटिकटमध्ये पाठवले. ती मुलं हार्टफर्डच्या आसपास अमेरिकन कुटुंबांच्या घरी वाढली, चर्चला जाऊ लागली, बेसबॉल खेळू लागली. पैसा चीन सरकारचा होता, त्यामुळे मुलं अमेरिकन वळणावर चालली म्हणून अधिकारी अस्वस्थ झाले. त्यात अमेरिकेने आपल्या लष्करी अकादमींत त्यांना प्रवेश नाकारला आणि इकडे चिन्यांविरुद्ध वातावरणही तापत होतं. १८८१ साली सगळ्यांना परत बोलावलं गेलं. बहुतेकांचं शिक्षण अर्ध्यावर सुटलं. कुणाच्या घरी राहिले आणि कुणाच्या पैशावर शिकले, एवढ्या दोन गोष्टींतून ही सगळी उलथापालथ उलगडते.

सुरुवात लहान ठेवा

सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास एकदम अंगावर घेऊ नका. दहा-पंधरा वर्षांचा एक तुकडा निवडा, किंवा एक घर, किंवा एक क्लब. कॉर्नेलवर लिहायचं तर मी १९०४ ते १९१४ हा काळ घेईन. १९०४ मध्ये मोडेस्टो किरोगा या अर्जेंटिनाच्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने तिथे देशोदेशींच्या विद्यार्थ्यांचा कॉस्मोपॉलिटन क्लब निघाला. विस्कॉन्सिनमध्ये असाच क्लब वर्षभर आधी सुरू झाला होता, आणि १९०७ मध्ये अशा क्लबांची देशभराची संघटनाही उभी राहिली. याच काळात आपले श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलमध्ये होते. जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली कॉर्नेलच्या गावी, इथाकातच छापला गेला. ज्ञानकोशकार होण्याआधीचे हे केतकर फार थोड्या मराठी वाचकांना माहीत आहेत. १९१० मध्ये तिथेच चीनचा हू शी आला. आधी शेतकी शाखेत होता, मग तत्त्वज्ञानाकडे वळला आणि पुढे चिनी साहित्याची भाषाच त्याने बदलायला घेतली. दहा वर्षांच्या आत, एका टेकडीवरच्या गावात ही माणसं एकमेकांच्या वाटेवर होती. पुस्तकभर मजकूर यातच आहे.

घरबसल्या करायचं काम

अर्काइव्हला येण्याआधी निम्मं काम घरी होतं. विद्यापीठं दरवर्षी कॅटलॉग किंवा रजिस्टर छापत. त्यात विद्यार्थ्यांची नावं, वर्ग, मूळ गाव आणि पुष्कळदा स्थानिक पत्ताही असे. शेवटी राज्यवार आणि देशवार गोषवारा येई. ९५ वर्षांपेक्षा जुनं छापील साहित्य अमेरिकेत हक्कमुक्त असतं, म्हणून ही रजिस्टरं हाथीट्रस्ट आणि इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयांत मोफत वाचता येतात. एक तक्ता उघडा आणि नाव, देश, गाव, विषय, स्थानिक पत्ता, पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष असे रकाने करा. 'पैसे कोणाचे' हा रकाना मात्र आजच करा. बराच काळ तो रिकामा राहील, पण डोळ्यांसमोर हवा.

देशवार गोषवारा जसाच्या तसा उचलू नका. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. तिथल्या मिशनऱ्यांची मुलं कॉलेजसाठी अमेरिकेला परत येत, आणि रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे 'अहमदनगर, इंडिया' असं लागे. आमच्या जुन्या रजिस्टरातले 'भारतीय' मी एकेक करून तपासले तेव्हा सुरुवातीचे सगळे असेच निघाले, अस्सल न्यू इंग्लंडची आडनावं असलेले. फिलिपिन्सच्या विद्यार्थ्यांचंही असंच आहे. १९०३ च्या कायद्याने सरकारी पैशावर फिलिपिनो तरुण इथे शिकायला येऊ लागले. तेव्हा ती बेटं अमेरिकेच्याच ताब्यात होती, त्यामुळे ही मुलं कायद्याने परकी नव्हती. कुठे ती परदेशी यादीत दिसतील, कुठे नाही. कॅनडाचे विद्यार्थी परदेशी धरलेत की नाही, तेही बघा. आकडा देताना तुम्ही कुणाला धरलं आणि कुणाला वगळलं, ते त्याच पानावर सांगा.

मग विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र. कॉर्नेल डेली सन, कोलंबियाचं स्पेक्टेटर, हार्वर्ड क्रिमसन, स्टॅनफर्ड डेली यांचे जुने अंक स्कॅन झालेले आहेत आणि शोधता येतात. नावाने शोधलंत तर हाती फारसं लागणार नाही. यंत्राने जुनी छपाई चुकीची वाचलेली असते, आणि मुळात बातमीदारानेच नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं. केतकर शोधायचे तर 'केटकर', 'केतकेर' अशी सगळी रोमन रूपं टाकून बघा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे देश, गाव, क्लबचं नाव किंवा घटनेच्या तारखेवरून शिरणं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत भारतातून आलेल्या प्रत्येकाला, मग तो शीख असो की मुसलमान, 'हिंदू' म्हणत. हा शब्द टाकल्याशिवाय त्या काळातलं अर्धं तुम्हाला दिसणारच नाही. भाषणांच्या बातम्या बारकाईने वाचा. परदेशी विद्यार्थ्याला गावातल्या चर्चमध्ये, महिला मंडळात 'माझा देश' या विषयावर बोलायला सतत बोलावत. काहींना त्याचे चार डॉलर मिळत, काहींना फक्त चहा.

विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेली नियतकालिकं मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण तिथे ते स्वतःच्या आवाजात बोलतात. १८७३ मध्ये कॉर्नेलच्या ब्राझिली विद्यार्थ्यांनी इथाकातून 'औरोरा ब्राझिलेइरा' नावाचं पोर्तुगीज पत्र काढलं होतं. चिनी विद्यार्थ्यांचं 'चायनीज स्टुडंट्स मंथली' पुढे अनेक वर्षं चाललं. भारतीयांचं 'हिंदुस्तानी स्टुडंट' होतं, आणि त्याचे अंक साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह, म्हणजे 'साडा', इथे वाचायला मिळतात. त्यात तुमच्या विद्यापीठाच्या शाखेची दोन ओळींची बातमी सापडली तरी तेवढ्यावरून चार नावं हाती येतात.

इयरबुकवर विसंबू नका, असं मी प्रत्येकाला बजावते. फोटो सुंदर असतात, पण त्यात मुख्यतः पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं असतात. भारतातून आलेले बहुतेक विद्यार्थी मास्टर्स आणि पीएचडीचे. विशेषतः १९६५ नंतरच्या पिढ्या इयरबुकात जवळपास नाहीतच. त्यांना शोधायचं ते पदवीदान समारंभाच्या पुस्तिकेत आणि प्रबंधात. जुन्या प्रबंधांच्या शेवटी 'व्हिटा' नावाचं एक पान असे, त्यात लेखकाने स्वतःचा जन्म, गाव, शाळा, आधीच्या नोकऱ्या थोडक्यात लिहिलेल्या असतात. आणि सुरुवातीच्या आभारांत पैसे कोणी दिले ते बहुधा सापडतंच. तो रिकामा रकाना इथून भरायला लागतो.

पत्ता

आता घरांकडे वळा. मला हा भाग सगळ्यांत आवडतो, आणि नवे लोक नेमका हाच टाळतात.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला आले. आधी हार्टली हॉल हे वसतिगृह, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल हे दुसरं वसतिगृह. तिथे नवल भथेना त्यांचे खोलीसोबती होते, आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो निबंध लिहिणारा माणूस त्या काळात कुणासोबत जेवत होता आणि रात्री कुणाशी वाद घालत होता, हे खोल्यांच्या पत्त्यांशिवाय कळणार नाही. त्यातला मधला थांबा, कॉस्मोपॉलिटन क्लब, विशेष बघण्यासारखा आहे. ज्यांना इतरत्र खोली मिळायला किंवा जेवण रुचायला अडचण पडे, अशांना या क्लबांची घरं आधार देत.

न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल हाउसची गोष्टही हेच सांगते. १९०९ मध्ये हॅरी एडमंड्स या वायएमसीएच्या, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या, कार्यकर्त्याने कोलंबियाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज 'गुड मॉर्निंग' म्हटलं. तो विद्यार्थी म्हणाला की न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी आपण होऊन बोलणारे तुम्ही पहिलेच. एडमंड्स यांनी या मुलांना आधी आपल्या घरी बोलवायला सुरुवात केली आणि शेवटी जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या पैशातून १९२४ मध्ये इंटरनॅशनल हाउस उभं राहिलं. बर्कलीचं १९३० मध्ये झालं, शिकागोचं १९३२ मध्ये.

तुमच्या गावात एवढी मोठी इमारत नसेल. साधी भाड्याची घरं असतील. ती अशी शोधा. रजिस्टरमधला स्थानिक पत्ता घ्या. गावाची जुनी सिटी डिरेक्टरी सार्वजनिक ग्रंथालयात असते, त्यात त्या पत्त्यावरच्या घरमालकिणीचं नाव आणि भाडेकरू सापडतात. मग जनगणना बघा. अमेरिकेत जनगणनेची घरोघरची नोंद ७२ वर्षांनी खुली होते, त्यामुळे १९५० पर्यंतची आज कुणालाही पाहता येते. १८९० ची जवळजवळ सगळी १९२१ च्या आगीत गेली, तिच्यावर वेळ घालवू नका. त्या घराची नोंद काढली की एका छपराखाली एक जपानी, दोन भारतीय, एक फिलिपिनो आणि विधवा घरमालकीण असं चित्र उभं राहतं. सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. त्यात घर लाकडी होतं की विटांचं आणि मजले किती, हेसुद्धा कळतं. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी नोंदणीची कार्डंही विसरू नका. १९१७-१८ मध्ये ठरावीक वयाच्या सगळ्या पुरुषांना नोंदणी करावी लागली, परदेशी नागरिकांनासुद्धा. त्यावर पत्ता, जन्मतारीख आणि नोकरी असते. भांडी घासून शिकणाऱ्या मुलाच्या कार्डावर 'डिशवॉशर' लिहिलेलं सापडतं, घरी पाठवलेल्या पत्रांत ते नसतं. फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या साइटवर मोफत खातं उघडलं की यातलं बरंच बसल्या जागी पाहता येतं.

एक पत्ता मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे स्मशानभूमीचा. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. ज्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी त्यांना न्यू जर्सीतल्या आपल्या घरी ठेवून घेतलं, त्यांचंच हे कुटुंब. न्यू जर्सीतल्या रट्गर्समध्ये शिकणारा जपानी विद्यार्थी कुसाकाबे तारो १८७० मध्ये तिथेच वारला आणि न्यू ब्रन्सविकमध्येच त्याला पुरलं. तुमच्या विद्यापीठाच्या गावातल्या दफनभूमीत एकदा चालून या. कार्यालयात विचारलं तर ते नोंदवही दाखवतात. त्या काळात परक्या देशात क्षयाने मेलेल्या विद्यार्थ्याचं नाव पुष्कळदा फक्त तिथेच उरलेलं असतं.

पैसा

पैशाचा शोध लागला की माणूस का आला, काय शिकला आणि का परतला, तिन्ही कळायला लागतं. आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार होता. १९१६ मध्ये ते कोलंबियातून लंडनला गेले, १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून बडोद्याला परतले, आणि तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. ही सगळी साखळी त्या कराराला बांधलेली आहे. हू शी आला तो चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर चीनकडून घेतलेल्या नुकसानभरपाईतून. अमेरिकेने जादा घेतलेली रक्कम चीनला परत करायचं ठरवलं आणि १९०९ पासून त्या पैशातून विद्यार्थी पाठवले जाऊ लागले. त्यातल्या बहुतेकांनी शेती, खाण, इंजिनिअरिंगसारखे विषय घ्यावेत अशी अपेक्षा होती. तो शेतकी शाखेत का दाखल झाला, याचा मोठा भाग इथे दडलेला आहे.

शोधायचं कसं? जहाजांच्या प्रवासी याद्यांपासून सुरुवात करा. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या तपासणी केंद्राच्या याद्या मोफत शोधता येतात. १९१० च्या सुमाराच्या यादीत तिकिटाचे पैसे कोणी दिले, जवळ ५० डॉलर आहेत का, नसतील तर किती, आणि कुणाकडे कुठल्या पत्त्यावर निघालात, असे रकानेच आहेत. आपले दोन्ही प्रश्न इमिग्रेशनच्या कारकुनाने आधीच विचारून ठेवलेत. पॅसिफिककडून आलेल्यांसाठी सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलच्या याद्या पाहा.

त्यानंतर देणाऱ्याचे कागद. मिशिगनमध्ये १९१७ पासून आशियातल्या स्त्रियांसाठी बार्बर शिष्यवृत्ती होती, आणि त्यासाठीचे अर्ज व पत्रव्यवहार हा त्या स्त्रियांचाच इतिहास आहे. चर्चच्या मिशन बोर्डांकडे, वायएमसीएकडे, रोटरीकडे फायली असतात. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वायएमसीएने १९११ मध्ये काढलेली एक समिती देशभरातले आकडे गोळा करून छापत असे. वायएमसीएचा मोठा संग्रह मिनेसोटा विद्यापीठात आहे. १९४६ नंतर फुलब्राइट ही अमेरिकन सरकारी शिष्यवृत्ती आली. आणि राजकारण फिरलं की पैसा रातोरात कसा थांबतो तेही शोधा. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्ता बदलली तेव्हा हजारो चिनी विद्यार्थी इथे अडकले आणि अमेरिकन सरकारला त्यांच्यासाठी मदत मंजूर करावी लागली. १९७९-८० मध्ये इथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट इराणी विद्यार्थ्यांचा होता, ५१,००० हून अधिक. तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतले लोक ओलीस धरले गेले आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये या सगळ्यांना इमिग्रेशनपुढे हजर व्हायचा हुकूम निघाला. त्या महिन्यातले तुमच्या कँपसचे अंक अक्षर न अक्षर वाचा. कोण या मुलांच्या बाजूने उभं राहिलं आणि कोण गप्प बसलं, ते तिथे दिसेल. मला विचाराल तर कुठल्याही विद्यापीठाची परीक्षा अशाच महिन्यांत होते, आणि ते लिहायला कचरू नका.

कायदे तक्त्याच्या बाजूला टिपून ठेवा, नाहीतर आकडे का चढले-उतरले ते कळणार नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी केली, विद्यार्थ्यांना सूट होती, पण ती सिद्ध करायला सहाव्या कलमाचं प्रमाणपत्र लागे. या फायली, फोटोंसकट, नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. १९१७ ने भारतासह आशियाचा मोठा पट्टा बंद केला, विद्यार्थी सोडून. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं, ते १९४६ पर्यंत. १९५२ च्या कायद्यातून आजचा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा आला. १९६५ च्या कायद्याने शिक्षणानंतर इथेच राहून जाण्याचं दार उघडलं. २००३ पासून सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी संगणकीय नोंद.

देशभराचे आकडे हवे असतील तर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशनचे 'ओपन डोअर्स' अहवाल वापरा. १९४८-४९ मध्ये २५,४६४ विद्यार्थी, २०२३-२४ मध्ये ११,२६,६९०, आणि त्यात ३,३१,६०२ भारतीय. एवढं एका परिच्छेदात येतं. आपल्या विद्यापीठाकडे लवकर परत या.

वाचनकक्षात

येण्याआधी ईमेल करा. 'परदेशी विद्यार्थ्यांबद्दल काही आहे का' असं विचारलंत तर आम्ही तुम्हाला इंटरनॅशनल ऑफिसच्या फायली देऊ, आणि त्या फार तर १९४० च्या आसपास सुरू होतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागारांची देशव्यापी संघटना निघाली तीच १९४८ मध्ये. त्याआधीचे कागद दुसऱ्यांच्या नावाखाली असतात. म्हणून असं विचारा : "१९१० ते १९२० मधला अध्यक्षांचा पत्रव्यवहार, डीनच्या फायली, कँपस वायएमसीए, आणि कॉस्मोपॉलिटन क्लब यांची फाइंडिंग एड पाठवाल का?" फाइंडिंग एड म्हणजे कुठल्या बॉक्समध्ये कुठला फोल्डर याची यादी. ती वाचून बॉक्सचे नंबर कळवा. बरेच बॉक्स दुसऱ्या गावच्या गोदामात असतात, आणायला दोन-तीन दिवस लागतात. पेन चालत नाही, पेन्सिल आणा. फोनने फोटो काढता येतात, फ्लॅश बंद. प्रत्येक फोटोच्या आधी फोल्डरच्या लेबलचा फोटो घ्या, म्हणजे कुठला कागद कुठला हे घरी जाऊन शोधावं लागत नाही.

जुने विद्यार्थी हयात असतील तर त्यांच्या गुणपत्रिका, अर्ज मिळणार नाहीत. १९७४ चा फेर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणारा कायदा, आड येतो. माणूस गेल्यावर त्या कायद्याचं संरक्षण संपतं, तरी प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची मुदत असते. वाद घालू नका, नियम लेखी मागा. नाव, विषय आणि पदवी ही माहिती साधारणपणे मिळते.

फोटोंबद्दल एक गोष्ट. १० ऑक्टोबर १८८५ चा आनंदीबाईंचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल. शेजारी जपानच्या केइको ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबुली, तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. मूळ संग्रह आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. असा फोटो मिळाला की मागची बाजू पाहा, तारीख आणि स्टुडिओ टिपा, आणि तो कुणी कशासाठी काढवून घेतला हे विचारा. एरवी वर्गात त्या काय घालून बसत, हे त्यातून ठरवू नका.

रजिस्टरात नसलेल्या

नवऱ्यासोबत आलेल्या बायका कुठल्याच यादीत नसतात. त्यांना काम करायची परवानगी नव्हती, बस धड नव्हती, हिवाळा घरात काढायचा. तरी मसाल्यांची मोठी ऑर्डर एकत्र मागवणं, नव्याने आलेल्यांना जेवू घालणं, दिवाळीला चर्चचा हॉल भाड्याने घेणं, हे त्यांनीच केलं. अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांच्या पत्नींचे क्लब होते. त्यांची पाककृतींची सायक्लोस्टाइल पुस्तिका सापडली तर सोडू नका, तिच्यात नावं असतात. ही पिढी आज ऐंशीच्या पुढे आहे. नवऱ्याची मुलाखत घ्यायला गेलात तर बाईंनाही बसवा, आणि वेगळं बसवा. एकत्र असले की काकाच बोलतात.

मुलाखतीला जाताना संमतीपत्र न्या. फोनवर ध्वनिमुद्रण पुरतं, खोली शांत हवी. साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांत आलेले जवळजवळ सगळे "आठ डॉलर खिशात घेऊन आलो" इथून सुरू करतात. ते पूर्ण ऐकून घ्या, मग पुढे विचारा. पहिली रात्र कुठे काढली? पहिल्या महिन्याचं भाडं कुणी उसनं दिलं? कुणी खोली द्यायला नकार दिला का? कुठल्या कामाचा तासाला किती पगार? घरी पैसे पाठवायला कधी लागलात? कोण मध्येच शिक्षण सोडून गेलं? या शेवटच्या प्रश्नाला लोक थबकतात. थांबा, उत्तर येतं.

आणि या अर्काइव्हचा दुसरा अर्धा भाग अमेरिकेत नाही. तो पुण्यात, सोलापुरात, नागपुरात कुणाच्या तरी कपाटात निळ्या एरोग्रामांच्या गठ्ठ्यात आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा विद्यार्थ्याच्या भावंडांना भेटा, पत्रं मागा, तिथेच टेबलावर ठेवून फोटो घ्या आणि पत्रं परत करा. बडोदा संस्थानाची दप्तरं वडोदऱ्यात आहेत. 'केसरी'च्या जुन्या फायलींत परदेशी जाणाऱ्यांच्या बातम्या आणि सत्काराची भाषणं सापडतात.

लिहून झाल्यावर

लिहिताना प्रत्येक माणसाला एक पत्ता आणि एक पैशाचा स्रोत द्या. सापडला नसेल तर ती जागा तशीच मोकळी दाखवा. पुढे कुणाला तरी तेवढाच धागा मिळेल. पदवी न घेता गेलेल्यांना गाळू नका.

जमवलेलं सगळं विद्यापीठाच्या अर्काइव्हला द्या : तक्ता, मुलाखती, संमतीपत्रं, फोटोंच्या प्रती. तुमच्या इंडियन स्टुडंट्स असोसिएशनचे अलीकडचे कागदही द्या, कारण १९१५ चा कॉस्मोपॉलिटन क्लब आमच्याकडे बॉक्समध्ये आहे आणि २००५ ची दिवाळी कुठेच नाही. त्या काळची साइट बंद पडलेली असते. जुन्या साइटींच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर पाहा, १९९६ नंतरची काही पानं तिथे उरलेली असतात. फोटोंच्या फाइलींना तारीख, जागा आणि डावीकडून उजवीकडे माणसांची नावं द्या. देणगीपत्रावर सही करताना किती वर्षांनी खुलं करायचं ते तुम्ही ठरवू शकता. मुलाखतीत कुणी काही खाजगी सांगितलं असेल तर तेवढ्याच भागाला मुदत घाला. संग्रहाला क्रमांक मिळाला की तो ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या प्रत्येकाला कळवा, म्हणजे त्यांच्या नातवंडांना तो कागद मागता येईल.